परत येणं शिक

धारणी,
श्रावण

चि. पिंकी,


फोल्डरांचं झाड छापणाऱ्या तुझ्या प्रोग्रामचा तू पाठवलेला स्क्रीनचा फोटो काल दुकान बंद केल्यावर नीट पाहिला. अमरावतीच्या फोल्डरात अचलपूर, धारणी, चिखलदरा ही तिन्ही नावं एका रेषेत हवी होती, आणि त्यांच्या आत अनुक्रमे परतवाडा, हरिसाल, सेमाडोह. तुझ्याकडे धारणी परतवाड्याच्या पोटात गेली, चिखलदरा हरिसालच्या पोटात, आणि सेमाडोह पार उजव्या काठाला. आता मैत्रिणीचा चालणारा प्रोग्राम उतरवून देऊन टाकते म्हणतेस. तसं करू नको, बाई. तुझी चूक चांगली आहे, तिच्यातच सगळं रिकर्शन आहे.

तुझ्या लहानपणी सिपना नदीच्या काठाकाठानं आपण वर जायचो, आठवतं? नाला लागला की नाल्यात शिरायचं, त्याला आणखी फाटा फुटला की त्या फाट्यात. फाटा संपला की मागं फिरायचं, आणि जिथून आत शिरलो त्याच तोंडाशी येऊन पुढचा नाला धरायचा. आत जाणं कोणालाही जमतं. नेमक्या त्याच तोंडाशी परत येणं, खरं काम ते आहे. तुझा प्रोग्राम आत जातो, पण परत आल्यावर आपण कुठे उभे होतो हे त्याला आठवत नाही.

कारण एकच. 'पातळी' तू फंक्शनच्या बाहेर ठेवलीस आणि प्रत्येक वेळी तीच एकानं वाढवलीस. परतवाड्यापर्यंत ती २ झाली, परत आल्यावरही २ च राहिली, म्हणून धारणी ३ वर गेली. ती बाहेरून काढून टाक आणि फंक्शनच्या हातात दे: दाखव(उपफोल्डर, पातळी + १). आता प्रत्येक हाकेजवळ, म्हणजे फंक्शनच्या प्रत्येक कॉलजवळ, स्वतःची पातळी राहते. परतवाड्याचं आणि मग अचलपूरचं काम आटोपलं की थांबून राहिलेली अमरावतीची हाक जागी होते, तिच्याजवळ तिचं शून्य जसंच्या तसं असतं, आणि धारणी आपोआप १ वर येते. कमी करायची वेगळी ओळ लिहावी लागत नाही.

फॅक्टोरियलसारखी थांबायची अट इथं वेगळी लिहायची गरज नाही. आत उपफोल्डरच नसेल तर लूप एकदाही फिरत नाही, हाक परत येते. मात्र एका गोष्टीला जप. सेतू केंद्राच्या कॉम्प्युटरवर मी सोयीसाठी वरच्याच फोल्डरकडे नेणारा एक दुवा करून ठेवला होता. माझा प्रोग्राम त्यात शिरला आणि गोल गोल फिरत राहिला. तीच नावं पुन्हा पुन्हा, दरवेळी एक पायरी आत, शेवटी बंद पडला. नदीला असा वेढा नसतो, फोल्डरांना असू शकतो. म्हणून दुवा दिसला की त्याचं नाव छाप, आत शिरू नको. आणि एखादं फोल्डर उघडायची परवानगी नसेल तर ती चूक तिथल्या तिथं पकड, नाहीतर एका बंद दारापायी अख्खं झाड अर्धं राहतं.

हे टाइप करण्याआधी वहीवर कर. सात नावं, प्रत्येक हाकेला एक चौकोन, चौकोनात नाव आणि पातळी. हाक संपली की चौकोनावर काट मार, आणि खाली उरलेल्या चौकोनातला आकडा मोठ्यानं वाच.

शनिवारच्या एसटीनं येशील तेव्हा ती वही आण. परतवाडा सोडला की घाटात रेंज नसते, म्हणून निघण्याआधीच फोन कर.

तुझा,
मामा