घराण्यात चालत येणारे ग्रंथींचे विकार

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी भागातील कुटुंबे पोटापाण्यासाठी विखुरलेली आहेत. समजा, एक भाऊ गावी भातशेती करतो आणि त्याला वारंवार मुतखडा होतो. दुसरा मुंबईला असतो, त्याचा पोटातील अल्सर औषधांना दाद देत नाही. बहीण वरंधा घाटाखाली महाडकडे दिलेली; मूल नसताना तिच्या अंगावर दूध येते, पाळी बंद होते. तीन गावे, तीन डॉक्टर, तीन केसपेपर. हा एकच आजार असू शकतो, हे कोणाच्या ध्यानी यावे?

आपल्या शरीरातील काही ग्रंथी आपला रस थेट रक्तात सोडतात. त्यांना अंतःस्रावी ग्रंथी व त्या रसांना संप्रेरके म्हणतात. एका जनुकातील दोषामुळे यांतील अनेक ग्रंथींत गाठी होतात. त्या विकाराचे वैद्यकीय नाव ‘एम.ई.एन.’. त्याचा पहिला प्रकार सुमारे ३०,००० माणसांत एकाला आढळतो असे मानतात. वरील भावंडांचा आजार याच प्रकारात बसतो. गळ्यातील परावटू ग्रंथी वाढून रक्तात कॅल्शियम चढते व खडे होतात. स्वादुपिंडाजवळील गाठीने जठरात आम्ल वाढते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील गाठीने पाळी बिघडते. मुतखडा बहुधा उन्हातील कष्टाने व कमी पाणी पिण्याने होतो हे खरेच. परंतु तरुणपणी पुनःपुन्हा होत असेल, त्यातून भावंडांनाही होत असेल, तर रक्तातील कॅल्शियम तपासून घ्यावे. तपासणी साधी आहे.

दुसरा प्रकार अधिक घातक. त्याचे ‘रेट’ हे जनुक १९९३ साली सापडले. यात थायरॉईडचा एक विशिष्ट कर्करोग होतो आणि मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत गाठ होऊ शकते. मग अचानक डोके ठणकते, छाती धडधडते, दरदरून घाम सुटतो, रक्तदाब चढतो आणि थोड्या वेळाने सारे शांत होते. असे झटके ‘बाहेरची बाधा’ समजून भगताकडे नेण्यात वेळ दवडू नये. ही गाठ माहीत नसताना भूल दिली किंवा बाळंतपण आले, तर जीव जाऊ शकतो. म्हणून गळ्याच्या शस्त्रक्रियेआधी ही गाठ आहे का ते पाहतात. (गळ्याला आलेली प्रत्येक सूज म्हणजे हा रोग नव्हे, बहुतेक सुजा साध्या असतात.)

दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी भेद नाही. तेव्हा ‘सुनेने रोग आणला’ हे बोलणे अज्ञानाचे आहे. क्वचित तो घराण्यात प्रथमच उद्भवतो. ज्या भावंडात दोष नाही, त्याच्या मुलांना त्याच्याकडून तो जात नाही.

लग्न मोडेल म्हणून आजार लपवण्याची रीत आम्हीही पाहतो. त्या भीतीला आम्ही हसत नाही. पण दुसऱ्या प्रकारात दोष आधी कळला, तर कर्करोग होण्यापूर्वीच थायरॉईड काढता येते, काही घराण्यांत तर मूल पाच वर्षांचे होण्याआधी. पुढे रोज एक गोळी जन्मभर घ्यावी लागते. लपवलेल्या घरात ही संधी हुकते.

मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या अंतःस्राव विभागाने अशा रुग्णांचा अभ्यास केलेला आहे. तेथे किंवा पुण्याच्या ससूनला जाताना विद्यार्थी मित्रांनी वडीलधाऱ्यांसोबत एक कागद द्यावा. त्यावर आजी-आजोबा, आई-वडील, काका, आत्या, मामा, मावशी व भावंडे. प्रत्येकापुढे आजार, तो झाला तेव्हाचे वय, झालेले ऑपरेशन, आणि अचानक मृत्यू झाला असल्यास तोही.