घसरण आणि झेप

मुलांनो, परीक्षेप्रमाणे फुटबॉलमध्येही निकाल लागतो. स्पर्धेत तळाशी राहिलेल्या संघाला खालच्या श्रेणीत जावे लागते. मग प्रेक्षक घटतात, पैसा कमी होतो, चांगले खेळाडू सोडून जातात. असा संघ पुन्हा वर येतो का?

2016 सालची गोष्ट. मिझोरमचा ऐझॉल एफसी हा संघ आय-लीगमधून खाली घसरला. पण गोव्याचे काही संघ स्पर्धेतून बाहेर पडले आणि ऐझॉलला पुन्हा संधी मिळाली. त्याच वर्षी प्रशिक्षक खालिद जमील मुंबई एफसीपासून वेगळे झाले होते. ऐझॉलने त्यांना बोलावले. मुंबई एफसीत खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही ऐझॉलकडून खेळले. बलाढ्य मोहन बागानपेक्षा फक्त एक गुण अधिक मिळवून 2017 मध्ये ऐझॉल विजेता ठरला!

आणि मुंबई एफसी? त्याच हंगामात कूपरेज मैदानावरचा हा संघ शेवटचा आला व खाली घसरला. तो पुन्हा वर आला नाही.

ऐझॉलला संधी नशिबाने मिळाली. विजय मात्र मेहनतीने मिळाला. 2025 मध्ये खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

शब्दार्थ : श्रेणी – दर्जा, बलाढ्य – फार ताकदवान, हंगाम – मोसम.

स्वाध्याय
1. खाली घसरलेल्या संघाचे कोणते नुकसान होते?
2. ऐझॉलला पुन्हा संधी कशी मिळाली?
3. 'नशीब आणि मेहनत' यावर पाच वाक्ये लिहा.