कंपायलर आणि इष्टतमीकरणाचे फ्लॅग

फोर्ट्रान, सी यांसारख्या भाषांत लिहिलेली आज्ञावली संगणकाला थेट कळत नाही. तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर म्हणतात. १९५७ साली जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी फोर्ट्रानचा कंपायलर सिद्ध केला. हाताने लिहिलेल्या यंत्रसंकेतांची गती त्याला साधेल काय, अशी शंका तेव्हा अनेकांना होती. ती दूर करण्याच्या खटपटीतून इष्टतमीकरणाला, म्हणजे आज्ञावलीचा अर्थ न बदलता ती अधिक कार्यक्षम करण्याच्या तंत्राला, मोठी चालना मिळाली.

समजा, हजार वेळा होणाऱ्या एका आवर्तनात दोन संख्यांचा गुणाकार येतो आणि त्या संख्या कधीच बदलत नाहीत. अशा वेळी कंपायलर तो गुणाकार एकदाच करून उत्तर राखून ठेवतो. असे बदल कितपत करावेत हे ज्या खुणांनी सांगतात, त्यांना फ्लॅग म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसृत केलेल्या जीसीसी या कंपायलरमध्ये ‘ओ०’ या फ्लॅगने बहुतेक इष्टतमीकरण बंद राहते. त्यामुळे दोष शोधणे सोपे जाते. ‘ओ१’, ‘ओ२’ व ‘ओ३’ या त्यापुढील चढत्या पायऱ्या होत. ‘ओएस’ हा फ्लॅग आकार लहान ठेवण्यावर भर देतो. मात्र वरची पायरी नेहमीच अधिक वेगवान ठरते असे नाही. यंत्रसंकेत फुगल्यास वेग कमीही होतो.

येथे ‘अर्थ’ म्हणजे भाषेच्या नियमांनी ठरणारा अर्थ, हे विसरून चालत नाही. लिनक्सच्या गाभ्यातील एका भागात एक पॉइंटर आधी वापरला होता आणि तो शून्य आहे काय, हे नंतर तपासले होते. सी भाषेत शून्य पॉइंटरचा असा वापर नियमबाह्य आहे. ज्याअर्थी वापर झाला त्याअर्थी तो शून्य नाहीच, असे अनुमान करून जीसीसीने पुढील तपासणी निरर्थक म्हणून गाळली. रक्षणासाठी घातलेली तपासणीच नाहीशी झाल्याने घुसखोरीची वाट मोकळी झाली. हा प्रकार २००९ साली उघडकीस आला. कंपायलर नियमानेच वागला होता. चूक मूळ लेखनातील क्रमाची होती. पुढे अशा तपासण्या गाळू नयेत, असे सांगणारा निराळा फ्लॅग गाभ्याच्या बांधणीत घालण्यात आला.

म्हणून फ्लॅग निवडताना केवळ वेग पाहणे पुरेसे नाही. आज्ञावली आधी ‘ओ०’ने तपासावी, मग ‘ओ२’ने बांधून तीच उत्तरे येतात काय हे पाहावे आणि वेळेची बचत प्रत्यक्ष मोजूनच ठरवावी.