ऋतूंच्या सोबतीने वाचन

सातपुड्याच्या पायथ्याशी ऋतू पंचांगात पाहावे लागत नाहीत. फाल्गुनात पळस फुलतो व काठीची होळी पेटते. चैत्रात मोहाची फुले वेचण्यास माणसे पहाटेच रानात जातात. हिवाळ्यात नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडते.

दुर्गा भागवत यांच्या 1956 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऋतुचक्र’ या ग्रंथात बारा महिन्यांवर स्वतंत्र लेख आहेत. हा ग्रंथ एका बैठकीत संपविण्याऐवजी प्रत्येक लेख त्या त्या महिन्यात, शक्य तर झाडाखाली बसून वाचावा. शिक्षकांनी तो मोठ्याने वाचावा, वडीलधाऱ्यांनी त्यातील झाडापाखरांची भिली, पावरी नावे सांगावीत व मुलांनी ती वहीत उतरवून घ्यावीत. घरच्या भाषेची अशी जोड मिळाली, म्हणजे पुस्तक परके वाटत नाही.

मात्र दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात आणि मुलांचे वाचन मध्येच तुटते. अशा वेळी शाळेने व ग्रामपंचायतीने पुस्तके कुलपात न ठेवता निघणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती एकेक पुस्तक द्यावे. एखादी प्रत हरवेल. ती हानी सोसण्याजोगी आहे.