जुन्या कळपात नव्या तलंगा : निरीक्षणाचा एक पाठ

वरोरा तालुक्यातील खेड्यांत अंगणातील चार-सहा कोंबड्या ही घरधनिणीची हक्काची मिळकत असते. अंड्यांच्या पैशांतून मुलांच्या वह्या-पेन्सिलींचा खर्च पुष्कळदा भागतो. अशा घरी बाजारातून आणलेली पिल्ले जुन्या कोंबड्यांच्या टोचणीने दगावली, तर ते नुकसान लहान म्हणता येत नाही. ते बहुतांशी टाळता येते, आणि कसे टाळावे हे चौथीच्या मुलांना निरीक्षणातून शिकविता येते.

पाठाचा आरंभ प्रश्नाने करावा. खुडूक कोंबडीने उबविलेली पिल्ले कळपात मिसळतात. विकत आणलेली का मिसळत नाहीत? पहिल्यांना आई असते, असे मुले सांगतील. ते बरोबरच आहे. आईबरोबर फिरणारे पिल्लू मोठ्या कोंबड्यांच्या नजरेसमोर वाढते व कोणापासून दूर राहावे हे शिकते. हैदराबाद येथे विकसित झालेल्या वनराजसारख्या सुधारित जातीची पिल्ले यंत्रात उबविलेली असतात. त्यांना पाठीराखी कोणी नसते, आणि कळपाला ती परकी वाटतात.

कळपातील प्रत्येक कोंबडीचे स्थान ठरलेले असते. वरची खालचीला टोचते व दाण्यावर आधी येते. खालची बाजूला होते. नॉर्वेतील शेल्डरुप-एब्बे यांनी बालपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करून हा क्रम शोधला आणि १९२२ साली त्यावरील लेख प्रसिद्ध केला. नवा पक्षी आला की हा क्रम पुन्हा ठरवावा लागतो; भांडणाचे मूळ तेथे आहे.

म्हणून पुढील रीत मुलांना क्रमाने समजावून द्यावी.

१. नवी पिल्ले प्रथम दोन-तीन आठवडे निराळ्या जागी ठेवावीत. रोग असल्यास तो या काळात बहुधा दिसून येतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगावरील लस पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने टोचून घ्यावी.

२. पिल्ले अगदी लहान असताना मिसळू नयेत. ती अंगाने जुन्या कोंबड्यांच्या जवळपास आली, म्हणजे तलंगा झाली, की मगच पुढचे पाऊल टाकावे. एकटी तलंग सोडू नये. तीन-चार एकत्र असाव्यात, म्हणजे सारी टोचणी एकीवरच पडत नाही.

३. त्यानंतर आठवडाभर त्यांना बांबूच्या डालग्याखाली, अंगणातच, सावलीला ठेवावे. जुन्या कोंबड्यांना त्या दिसाव्यात, पण टोचता येऊ नयेत.

४. मग दिवसा मोकळ्या अंगणात एकत्र सोडावे. दाणा व पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे, म्हणजे वरचढ कोंबडीला सर्व जागा अडविता येत नाहीत. काटक्यांचा भारा किंवा आडवी फळी ठेवल्यास पळणारीस आडोसा मिळतो.

५. खुराड्यात मात्र अंधार पडल्यावर ठेवावे. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, त्यामुळे रात्र शांततेने जाते. उजाडताच खुराडे उघडावे. अरुंद जागेत पळायला वाट नसते.

थोडी झटापट होणारच. ती सोडविण्याची घाई करू नये. रक्त दिसले तर मात्र जखमी पक्षी ताबडतोब वेगळा करावा, कारण लाल जखमेवर इतर कोंबड्याही टोचू लागतात. जखम भरल्यावर त्याला पुन्हा डालग्यापासूनच आरंभ करून द्यावा.

गृहपाठ म्हणून मुलांनी एका कळपाची आठवडाभर नोंद ठेवावी. पायात रंगीत दोरा सैल बांधून कोंबड्या ओळखाव्यात. सकाळी दाणा टाकताना कोणी कोणास टोचले, कोण बाजूला झाली, कोण शेवटी आली, एवढेच तक्त्यात लिहावे. आजारी पक्ष्यांस मुलांनी हात लावू नये, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

वर्गात एखादे मूल विचारील, “माणसांतही असाच क्रम असतो का?” हा प्रश्न टाळू नये. कोंबड्यांचा क्रम दाण्याच्या व जागेच्या ओढीतून लागतो, आणि दाण्याची भांडी वाढविताच त्याचा जाच कमी होतो, हे मुलांनी स्वतः पाहिलेले असेल. त्यावरून माणसांतील उच्चनीचतेचे समर्थन होत नाही, हे शिक्षकांनी स्पष्ट शब्दांत सांगावे. वर्गात नव्याने आलेल्या मुलाला कोठे व कोणाजवळ बसवावे, याचा विचारही त्या दिवशी मुलांकडूनच करून घ्यावा.