‘सोमवारपासून फिरतो’ म्हणणाऱ्यांसाठी

“काही त्रास नाही जी मले, मग काहून घाई करू?” नागपुरातल्या दवाखान्यांत मधुमेहाचे रुग्ण असं हमखास म्हणतात. त्रास नाही म्हणजे शुगर ताब्यात, हा समज काही केल्या सुटत नाही. वाढलेली शुगर वर्षानुवर्षं जाणवत नाही. डोळ्यांचे पडदे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा मात्र खराब होत राहतात.

इतवारीतल्या एका दुकानदाराची एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी, 9 च्या वर गेली होती. फिरणं ‘सोमवारपासून’ होणार होतं. मोबाइलवर वाचलेला कारल्याचा रस मात्र त्याच दिवशी सुरू झाला, आणि गोळी बंद! डॉक्टर चिडले, मग त्यांनी शेन फ्रेडरिक यांच्या 2005 च्या विचारचाचणीतलं कोडं रुपयांत घातलं: बॅट आणि चेंडू मिळून 110 रुपये, बॅट चेंडूपेक्षा 100 रुपयांनी महाग, चेंडू कितीचा? हिशेबात मुरलेला माणूस चटकन ‘दहा’ म्हणाला. उत्तर पाच. पहिल्यांदा सुचलेलं पडताळायचं असतं, हे त्याला तिथेच पटलं. याच शहरात जानेवारी 2023 मध्ये अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या श्याम मानव यांनी एका महाराजांना दिव्यशक्ती सिद्ध करण्यासाठी 30 लाखांचं आव्हान दिलं होतं. फॉरवर्ड झालेल्या नुसख्याकडेही पुरावा मागायलाच हवा.

चालढकल करणाऱ्यांनी खचून जाऊ नये. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या 790 विद्यार्थ्यांवरच्या 2016 च्या अभ्यासात, नुसत्या धीर देणाऱ्या गटापेक्षा चुरस असलेल्या गटांनी व्यायामाच्या वर्गांना कितीतरी जास्त हजेरी लावली. दुकानदारानेही शेजारच्या दोघांशी पैज लावली: आठवड्यात पाच दिवस, रोज अर्धा तास, जो चुकेल त्याच्याकडून तर्री-पोहे. (डॉक्टरांनी पोह्यांवरची तर्री कमी करायला लावली.)

पैज फिरण्याच्या दिवसांची असावी, शुगरच्या आकड्याची कधीच नको. आकड्यासाठी लोक उपाशी राहतात, गोळ्या दुप्पट घेतात. हा शुद्ध वेडेपणा आहे. इन्शुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. घाम, थरथर, गोंधळ जाणवला, तर थांबून लगेच तीन-चार चमचे साखर खावी. छातीत दाब जाणवला किंवा धाप लागली तर पैज विसरून थेट रुग्णालय गाठावं. अंधुक दिसणं, पायाची न भरणारी जखम, तळव्यांची बधिरता यांसाठी सोमवारची वाट पाहू नये. मे महिन्यात नागपूरचं ऊन चढण्याआधी, पहाटेच फिरून यावं.