जुनं ते सोनं? छे, जस्त!

आपल्या होस्टेलच्या कुठल्याही विंगमधल्या चार खोल्यांत डोकावून बघा. एका तरी टेबलावर कॅल्क्युलेटर आणि चहाचा ग्लास यांच्या मधोमध एक छोटी धातूची गाडी पार्क केलेली दिसेल. मालकाला विचारलं तर म्हणेल, "असंच, टाइमपास." पण उचलून बघा, सबमिशन सोडून धावत येईल!

ही हौस फक्त आपलीच नाही. जगभर साठी-सत्तरीची माणसं बंद पडलेल्या कारखान्यांच्या खेळण्यातल्या गाड्या शोधत फिरतात. डिंकी, मॅचबॉक्स, कॉर्गी ही त्यातली मोठी नावं. चार संग्राहक एकत्र जमले की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पूर्वीच्या गाड्यांची सर आताच्या गाड्यांना नाही!" हे कितपत खरं? आठवणींना विचारलं तर त्या 'हो'च म्हणणार. म्हणून म्हटलं, आपण इंजिनीअरिंगवाले आहोत, आपण सरळ धातूलाच विचारू. हा लेख म्हणजे धातूची एक छोटीशी व्हायव्हा समजा.

मुठीतली गाडी बनते कशी?

पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी सँड कास्टिंग पाहिलं. वाळूचा साचा करायचा, धातू ओतायचा आणि मग साचा मोडून नग बाहेर काढायचा. म्हणजे एक नग, एक साचा. डायकास्टिंगमध्ये साचा पोलादाचा असतो. त्याला डाय म्हणतात. डायचे दोन भाग घट्ट मिटतात, वितळलेला धातू दाबाने आत शिरतो, बघता बघता गोठतो, डाय उघडते आणि इजेक्टर पिना नगाला बाहेर ढकलतात. लगेच पुढचा नग. एकाच डायमधून असे लाखो नग निघू शकतात.

या गाड्यांचा धातू म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. ('झिंक'ला जस्त म्हणतात हे आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. ते मला आजीच्या जस्ताच्या बादलीने शिकवलं!) त्याचं प्रसिद्ध नाव झॅमॅक. झिंक, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांब्याचं जर्मन नाव कुप्फर यांच्या आद्याक्षरांवरून ते तयार झालं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ साली हे मिश्रधातू आणले. इंग्लंडमध्ये त्यालाच मझॅक म्हणतात. सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रकार म्हणजे झॅमॅक ३. त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम, अगदी चिमूटभर मॅग्नेशियम आणि बाकी सगळं जस्त असतं.

जस्तच का? तर हा मिश्रधातू ३८० ते ३९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. ॲल्युमिनियमला ६६० अंश लागतात. तापमान कमी म्हणजे इंधन कमी आणि डायची झीजही कमी. शिवाय हा धातू डायच्या कानाकोपऱ्यात पाण्यासारखा शिरतो. त्यामुळे दाराचं हँडल, रेडिएटरची जाळी, नंबरप्लेटची कड असं सगळं बोटभर गाडीवर स्पष्ट उमटतं.

तीन कारखाने आणि एक शेवट

डिंकीची सुरुवात आगगाडीपासून झाली. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचे संस्थापक फ्रँक हॉर्नबी खेळण्यातल्या रेल्वेही बनवत. त्या रेल्वेच्या शेजारी उभ्या करायला म्हणून १९३३ च्या अखेरीस छोट्या मोटारी आल्या. १९३४ साली त्यांना 'डिंकी टॉइज' हे नाव मिळालं आणि थोड्याच दिवसांत मोटारींनी स्वतःचं वेगळं दुकान थाटलं.

मॅचबॉक्सची गोष्ट युद्धानंतरची. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ हे दोघे मित्र. आडनाव एकच, नातं मात्र काही नाही! १९४७ साली त्यांनी लंडनमध्ये एका बंद पडलेल्या दारूच्या गुत्त्यात डायकास्टिंगचं काम सुरू केलं. लेस्लीमधला 'लेस' आणि रॉडनीमधला 'नी' जोडून कंपनीचं नाव झालं लेस्नी. त्यांना जॅक ओडेल नावाचा कसबी माणूस येऊन मिळाला. ओडेलच्या मुलीच्या शाळेत नियम असा होता की, काड्यापेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. बापाने पोरीसाठी काड्यापेटीत बसणारा रोडरोलर करून दिला. वर्गातल्या सगळ्यांनाच तो हवासा झाला आणि १९५३ साली 'मॅचबॉक्स' मालिका सुरू झाली. गंमत म्हणजे या मालिकेत सगळ्या गाड्यांचं स्केल एक नाही. डबा ठरलेला, गाडी त्यात मावेल अशी बेतायची. त्यामुळे डबलडेकर बस आणि स्पोर्ट्स कार शेजारी ठेवल्या तर जवळजवळ सारख्याच लांबीच्या दिसतात!

तिसरी कॉर्गी, मेटॉय कंपनीची. वेल्समधल्या स्वान्सीत १९५६ पासून या गाड्या बनू लागल्या. त्यांनी खिडक्यांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या काचा बसवल्या आणि डिंकीला घाम फोडला. १९६५ साली आलेली त्यांची जेम्स बाँडची ॲस्टन मार्टिन तर आजही संग्राहकांच्या गळ्यातला ताईत आहे. बटण दाबलं की छप्पर उघडून शेजारचा माणूस सीटसकट बाहेर उडतो!

मग १९६८ साली अमेरिकेच्या मॅटेलने हॉट व्हील्स आणली. बारीक लवचिक आस, कमी घर्षणाची चाकं, उतारावर सोडली की सुसाट. जुन्या मॅचबॉक्सचे जाड आस तिच्यापुढे बैलगाडीसारखे वाटू लागले. लेस्नीने १९६९ मध्ये 'सुपरफास्ट' चाकं काढून उत्तर दिलं खरं, पण सत्तरच्या दशकातली महागाई, मंदी आणि हाँगकाँगचा स्वस्त माल यापुढे ब्रिटिश कारखाने टिकले नाहीत. १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये मेकॅनोचा लिव्हरपूलचा कारखाना बंद झाला. १९८२ मध्ये लेस्नी दिवाळखोरीत गेली, १९८३ मध्ये मेटॉय. चार वर्षांत तिन्ही खल्लास.

मॅचबॉक्स हे नाव मात्र संपलं नाही. विकत-विकत ते १९९७ साली मॅटेलकडे, म्हणजे हॉट व्हील्सच्याच घरात नांदायला गेलं. तरीही संग्राहक गाडी उलटी करून आधी काय बघतो? पोटावर 'मेड इन इंग्लंड बाय लेस्नी' कोरलंय का ते! म्हणजे तो शोधतो तो ब्रँड नाही, तो हात शोधतो. खुद्द ओडेललाही चैन पडलं नाही. त्याने १९८२ मध्येच नवी कंपनी काढली आणि तिला नाव दिलं 'लेडो'. इंग्रजीत ओडेलची अक्षरं उलटी लिहा, हेच नाव मिळेल.

डाय काहीच विसरत नाही

संग्राहक गाडीचं वय कसं ओळखतात, हे आपल्या प्रॉडक्शनवाल्यांनी शिकून घ्यावं. मॅचबॉक्सची सर्वात जुनी चाकं धातूची, मग करड्या प्लॅस्टिकची, नंतर काळ्या प्लॅस्टिकची. आसाचं टोक चिमटून चपटं केलेलं असेल तर नग जुना, ठोकून गोल केलेलं असेल तर नंतरचा. म्हणजे कारखान्याने प्रक्रियेत केलेला प्रत्येक बदल गाडीवर लिहिलेला आहे, फक्त वाचता यायला हवा.

याचं सर्वात भन्नाट उदाहरण म्हणजे लेस्नीची राज्याभिषेकाची मोठी घोडागाडी. डाय आधीच तयार झाली होती आणि गाडीत राजा-राणी दोघंही बसलेले होते. १९५२ साली सहावे जॉर्ज वारले. १९५३ च्या राज्याभिषेकासाठी तीच डाय वापरायचं ठरलं तेव्हा राजाची आकृती कापून टाकावी लागली. पण ती कंबरेपर्यंतच कापली गेली. त्यामुळे एलिझाबेथ राणीच्या शेजारी राजाचे नुसते पाय राहून गेले! पुढे याच गाडीची छोटी आवृत्ती निघाली आणि तिचे दहा लाखांहून जास्त नग खपले.

डाय देश बदलते तेव्हाही तिच्या खुणा सोबत येतात. साठच्या दशकाच्या शेवटी डिंकीच्या काही वापरून झालेल्या डाय कोलकात्याला आल्या. तिथल्या ॲटॅमको कंपनीने त्यावर 'निकी टॉइज' नावाने गाड्या काढल्या. जॅग्वार, एमजीबी आणि आपल्या ओळखीची स्टँडर्ड २० मिनीबससुद्धा! डाय थकलेल्या असल्यामुळे कडा बोथट झाल्या होत्या आणि रंगही जाडसर बसायचा. त्या काळी इथल्या दुकानात ती साधी देशी गाडी होती. आज विलायतेतले संग्राहक तिच्यासाठी हात पुढे करतात.

तेच 'लिओ'चं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून भारतात बनलेल्या लिओच्या हॉट व्हील्सना असे रंग दिले गेले, जे अमेरिकेत कधी निघालेच नाहीत. माझ्या मामाकडे त्यातली एक आहे. तो भाचेकंपनीला स्कूटरची किल्ली देतो, ती गाडी देत नाही.

आतून लागलेली कीड

आता व्हायव्हातला अवघड प्रश्न. जुन्या गाड्या खरंच दणकट होत्या का?

युद्धापूर्वीच्या, म्हणजे तीसच्या दशकातल्या डिंकी गाड्या आज संग्राहकांना रडवतात. दशकानुदशकं कपाटात ठेवलेली, कुणी हातही न लावलेली गाडी एक दिवस रंगाला तडे गेलेली दिसते. मग ती फुगते, वाकते आणि शेवटी बिस्किटासारखी चुरा होते. इंग्रजीत याला 'झिंक पेस्ट' म्हणतात, म्हणजे जस्ताची कीड. यात जंतू वगैरे काही नाही. गुन्हेगार आहे शिसं.

शिसं जस्तात नीट विरघळत नाही. धातू गोठताना त्याचे स्फटिक, म्हणजे ग्रेन, तयार होतात आणि शिसं त्यांच्या सीमांवर, ग्रेन बाउंडरीवर, जाऊन बसतं. हवेतली आर्द्रता पोहोचली की गंज तिथूनच आत घुसतो. गंजलेल्या पदार्थाला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो स्फटिकांना एकमेकांपासून दूर रेटतो. लोखंडाचा गंज आपल्याला वरून दिसतो, घासता येतो. हा भिंतीतल्या विटा तशाच ठेवून मधला चुना पोखरतो. कथील आणि कॅडमियमही असाच घात करतात.

किती शिसं चालतं? झॅमॅकच्या ओतीव नगात मर्यादा आहे ०.००५ टक्के. म्हणजे शंभर किलो धातूत फक्त पाच ग्रॅम! म्हणूनच या मिश्रधातूसाठी ९९.९९ टक्के शुद्ध जस्त लागतं. आणि डिंकीच्या अगदी पहिल्या गाड्या कशाच्या होत्या? शिशाच्या मिश्रधातूच्या. जिथे शिसं आणि जस्त एकाच छपराखाली वितळतं, तिथे भंगाराचे दोन तुकडे चुकीच्या कढईत पडायला कितीसा वेळ लागणार?

मला सगळ्यात जास्त बोचलं ते वेगळंच. शिशाचा हा दोष १९२० च्या दशकातच माहीत झालेला होता. ज्ञान होतं, ते कढईपर्यंत पोहोचलं नाही. याउलट युद्धानंतरच्या मॅचबॉक्स आणि कॉर्गी गाड्यांत ही कीड फार क्वचित दिसते. पोरांनी त्या मातीत पुरल्या, जिन्यावरून फेकल्या, रंग उडवला, तरी धातू ठणठणीत. त्याच मिश्रधातूच्या, तसल्याच डायमधून निघालेल्या. फरक एवढाच की कढई स्वच्छ होती. तेव्हा 'जुनं म्हणून मजबूत' हा सिद्धांत धातू सपशेल नापास करतो.

मग संग्राहकाने करायचं काय?

लागलेल्या किडीवर औषध नाही. आतलं शिसं काढता येत नाही. मात्र वेग कमी करता येतो. कोरडी, थंड, तापमान फार वर-खाली न होणारी जागा, आणि पावसाळ्यात शेजारी सिलिका जेलची पुडी. लाकडी कपाट टाळलेलं बरं, कारण लाकडातून, विशेषतः ओकमधून, येणाऱ्या ॲसिटिक ॲसिडच्या वाफा जस्ताला मानवत नाहीत. विकत घेताना मोजपट्टी जवळ ठेवावी. गाडीची लांबी मूळ मापापेक्षा भरते किंवा तळ कमानीसारखा वाकलाय, तर समजावं की आत काम सुरू झालं आहे.

खरा पेच पैशाचा आणि मनाचा आहे. २००८ साली युद्धापूर्वीची एक दुर्मिळ डिंकी व्हॅन लिलावात जवळपास २० हजार पौंडांना गेली. म्हणजे ज्या काळातल्या गाड्यांना कीड लागण्याची भीती सर्वात जास्त, त्यांचीच किंमत सर्वात चढी! भेगा बुजवून नवा रंग दिला तर गाडी सुंदर दिसते, पण तिच्यावर लिहिलेला कारखान्याचा इतिहास पुसला जातो. तसंच ठेवलं तर इतिहास शाबूत, गाडी मात्र हळूहळू जाणार. माझं मत विचाराल तर रंग देऊ नये. मापं घ्यावीत, फोटो काढावेत, पोटावरची अक्षरं उतरवून घ्यावीत आणि तिला तिच्या वयाने म्हातारं होऊ द्यावं.

आणि मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी "पूर्वीच्या वस्तूच भारी" म्हणालं तर भांडू नका. फक्त विचारा, "कुठल्या कारखान्याच्या? कुठल्या वर्षीच्या?" ज्या कामगाराने भंगार निवडताना तो शिशाचा तुकडा बाजूला काढला, त्याचं नाव कुठल्याच डब्यावर छापलेलं नाही. त्याची गाडी मात्र अजून चालते. उद्या आपण शॉपफ्लोअरवर उभे राहू तेव्हा पाच ग्रॅमचा हा हिशोब आपल्याकडे असेल. तपासायला कुणी सर नसतील. ऐंशी वर्षांनी कुणाच्या तरी टेबलावर उभी असलेली एखादी छोटी गाडी तेवढी तपासेल.